कर्ण्यापलीकडचा श्रोता

वाचक माउली, चाळीस-पंचेचाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. आता पंच्याहत्तरी आली. गळा बसला, गुडघ्यांनी वारीची वाट सोडायला लावली. जन्मभर बोललेल्या माणसावर गप्प बसायची वेळ आली की त्याला आपलेच जुने शब्द परत ऐकू येऊ लागतात. पहाटे काकड्याच्या वेळेला जाग येते आणि कुठल्या तरी गावातले, कुठल्या तरी साली बोललेले एखादे वाक्य कानाशी येऊन बसते. काही वाक्ये गोड लागतात. एक असे आहे की ते आले की मला अंथरुणात उठून बसावे लागते. आज त्याच्याविषयीच लिहायचे आहे.

निमित्त घरातलेच घडले. माझा नातू पुण्याला शिकतो. सुटीला आला होता, ओसरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, एका गावात इतक्या धर्मांची, इतक्या जातींची माणसं राहतात. ज्यानं त्यानं आपला धर्म आपल्या घरात ठेवला तर भांडणच उरणार नाही. तुम्हांला काय वाटतं?" शेजारचे एक गृहस्थ चहाला आले होते. ते उसळून म्हणाले, "घरात ठेवायचे दिवस गेले. आता धर्म दाखवायची वेळ आहे." दोघेही माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मला कोणालाच चटकन हो म्हणता येईना. उत्तर माझ्याजवळ होते, पण ते त्या एका वाक्याखाली दडपलेले होते, आणि ते वाक्य घरात कधी सांगितलेले नव्हते.

नातवाला एवढेच म्हणालो की बाळा, वारकऱ्याला धर्म घरात ठेवता येत नाही, कारण आमचा धर्म चालतो. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तुकोबारायांची देहूहून, आणि अठरा-वीस दिवस लाखो माणसे दुसऱ्यांच्या गावांतून, दुसऱ्यांच्या शेतांच्या कडेने, दुसऱ्यांच्या विहिरींचे पाणी पीत जातात. ज्याच्या ओट्यावर पथारी टाकायची तो कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, हे आपण ठरवत नाही. तो 'या' म्हणतो, आपण टेकतो. वारकरी वाटेवर असतो तोवर जगाचा पाहुणा असतो. पाहुण्याने कसे वागावे ते आपल्याकडे लहान पोरालाही शिकवावे लागत नाही. समोर येईल ते गोड मानावे, जागा घाण करू नये, यजमानाच्या घरात मोठ्याने बोलू नये.

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिली अभंग-आरती कुठे घेते, हे तुम्हांला माहीत आहे. अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. फकिराचा न भरणारा कटोरा तुकोबांच्या घरच्या चिमूटभर पिठाने भरला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आणि सांगितलेली आहे. त्या थांब्याने तुकोबांचे विठ्ठलपण उणे झाले नाही आणि दर्ग्याचे दर्गापणही गेले नाही. पालखी दारात थांबते, आरती होते, पालखी पुढे जाते. दोघे आपापल्या ठिकाणी राहतात आणि मध्ये एक वाट राहते.

हे सगळे मी कीर्तनांतून शेकडो वेळा सांगितले होते, आणि हे सांगत असतानाच ती रात्र माझ्या हातून घडली होती.

साल १९९३, माघ महिना. भीमाकाठच्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताह होता आणि पाचव्या रात्रीचे कीर्तन माझ्याकडे होते. त्या गावाला मी दहा-बारा वर्षे जात होतो. तिथे लाऊडस्पीकर लावायला एक मुसलमान गृहस्थ असत. सगळा गाव त्यांना भाई म्हणे, मीही म्हणे. सप्ताहाच्या आदल्या दिवशी ते कडुनिंबावर दोन आणि देवळाच्या शिखराच्या बाजूला एक असे कर्णे चढवीत, आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर मंडपाच्या डाव्या खांबाशी मांडीत आणि सात दिवस तिथून हलत नसत. वीज गेली तर बॅटरी जोडीत. कीर्तनकाराचा आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे. माईकने शिट्टी मारायच्या आधीच बटणावरचा त्यांचा हात फिरलेला असे. कीर्तन संपले की ज्येष्ठमध घातलेल्या गरम पाण्याचा पेला ते स्वतः माझ्या हातात देत. "बुवा, गळा सांभाळा," एवढेच बोलत.

त्या साली देशातले वातावरण तापलेले होते. वर्तमानपत्र उघडवत नव्हते. त्या रात्री थंडी होती, पाचवा दिवस असल्यामुळे माणसे थकलेली, मागे बायका पेंगत होत्या. अभंग चांगला घेतला होता, पण निरूपण लागत नव्हते. कीर्तनकाराला हे लगेच कळते. श्रोता हातातून सुटू लागला की पोटात खड्डा पडतो. अशा वेळी जाणता कीर्तनकार थांबतो, नामाचा गजर करतो, पुन्हा अभंगाकडे येतो. मी तसे केले नाही. मी टाळी घ्यायला गेलो. दुसऱ्या धर्माच्या माणसांवर एक टोमणा मारला.

काय बोललो ते इथे लिहीत नाही. एकदा बोललो तेवढे पुरे आहे.

मंडप हसला. पेंगणारे जागे झाले, टाळी कडाडली. टाळीची चव वाईट असते, वाचक माउली. एक मिळाली की जीभ दुसरी मागते. मी आणखी दोन टोमणे मारले. तिसऱ्या वेळी आवाज चढवला आणि तो फाटला. फाटलेला आवाज कर्ण्यातून गेला असता तर माझेच हसे झाले असते. पण तो तसा गेला नाही. मी डावीकडे पाहिले. भाईंचा हात बटणावर होता. त्यांनी आवाज सावरून घेतला होता. त्यांच्या शेजारी वायरींच्या वेटोळ्यावर त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा बसलेला होता आणि तो माझ्याकडे पाहत होता.

त्यांची टिंगल त्यांच्याच हातातून साऱ्या गावात गेली. त्यांनी बटण बंद केले असते तर कोणाला कळलेही नसते. सगळ्यांनी वीज गेली असे म्हटले असते. पण त्यांनी सप्ताहाचे काम घेतले होते आणि कामात खोट केली नाही.

कीर्तन संपले. आरती झाली. डाव्या खांबाशी पाहिले तर अ‍ॅम्प्लिफायरवर ज्येष्ठमधाच्या पाण्याचा पेला झाकून ठेवलेला होता. पेला होता, भाई नव्हते.

मी ते पाणी प्यालो, आणि सकाळच्या एस. टी. ने निघून गेलो.

तुम्ही विचाराल की महाराज, त्याच वेळी का नाही बोललात? मी स्वतःला खूप कारणे दिली. गावातल्या चार जणांनी रात्री येऊन पाठ थोपटली होती, ते एक कारण. आपण काय खोटे बोललो, त्यांच्यातले लोक आपल्याला बोलत नाहीत का, हे दुसरे. हे दुसरे कारण फार दिवस टिकले. आजही पुष्कळांच्या तोंडी ते असते, म्हणून त्याविषयी बोलतो. दुसऱ्यांच्यातही टोचून बोलणारे असतात, हे खरेच आहे. आपल्याला लागले तर समोर जाऊन स्पष्ट बोलावे, त्यात काही वावगे नाही. पण नारदांच्या गादीवरून बोलणे वेगळे. गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही. श्रोता हात जोडून बसलेला असतो. जिथे समोरच्याला उत्तर द्यायची सोय नाही तिथून टोचणे हा वाद नव्हे. बांधलेल्या माणसाला मारल्यासारखे आहे ते.

पैठणच्या नाथबाबांची आठवण मला पुढे फार टोचत राहिली. नाथांच्या भारुडांत हिंदू आणि तुर्क यांचा संवाद आहे. दोघे एकमेकांच्या आचारातल्या विसंगती काढतात, चांगले कडाडून भांडतात आणि शेवटी समजूत पटून एकमेकांना भेटतात. आम्ही कीर्तनकार त्यातल्या शेवटच्या भेटीचे कौतुक करतो. पण त्याच्या आधी नाथांनी काय केले ते पाहा. त्यांनी तुर्काला पुरते बोलू दिले. त्याने आपल्या देवांना, आपल्या सोवळ्याला नावे ठेवली, तीही नाथांनी आपल्याच लेखणीने लिहिली. चारशे वर्षांपूर्वीच्या पैठणात, ब्राह्मणाच्या घरात बसून. माझ्या कीर्तनात माईक एकच होता, आणि तो माझ्याकडे होता.

चार वर्षे मी त्या गावाला गेलो नाही. बोलावणी आली, तारखा नाहीत म्हणून कळवले. १९९७ साली सप्ताह समितीचे लोक घरी येऊन बसले, सातव्या रात्रीचे आणि काल्याचे अशी दोन्ही कीर्तने घ्या म्हणाले. नाही म्हणवेना. गावात पोचलो तर कडुनिंबावरचे कर्णे नवे दिसले. स्पीकर तालुक्याहून आणला होता. मी विचारले, भाई कुठे आहेत? कोणी म्हणाले तब्येत बरी नसते, कोणी म्हणाले आता ते सप्ताहाचे काम घेत नाहीत. कोणाच्याही बोलण्यात राग नव्हता आणि आठवणही नव्हती. चार वर्षांपूर्वीची रात्र गाव विसरला होता. ज्यांना हसू आले होते ते विसरतात.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. भाईंनी खाट अंथरली, पाणी दिले. तब्येत ठीकच दिसत होती. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मी म्हणालो, "भाई, त्या रात्री मी जे बोललो ते मला बोलायला नको होतं. मला क्षमा करा."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बुवा, माझं काही नाही. मी मोठा माणूस, ऐकलं आणि सोडलं. पण माझ्या पोरानं ते कर्ण्यावरनं ऐकलं. तुम्ही आता घरात बोलताय, ते त्याला कुठं ऐकू जाणार? तो तर शाळेत गेलाय."

एवढेच ते बोलले. त्यांनी काही मागितले नाही. पण काय करायला हवे ते त्यात पुरते आले होते.

त्याच रात्री मी सगळे बोललो आणि मोकळा झालो, असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. सातव्या रात्री मंडप भरला होता, पंचक्रोशी लोटली होती. मी अभंग घेतला, निरूपण केले, कीर्तन रंगले, आणि त्या विषयाच्या जवळूनसुद्धा गेलो नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती. टाळी घेताना ती कधी चिकटली नव्हती.

झोप लागेना. दोनच्या सुमाराला उठून मंडपात आलो. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहाऱ्याने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याला उभा असलेला पोरगा डुलक्या घेत होता. म्हटले, "दे माझ्याकडे, तू जाऊन पड." वीणा गळ्यात घेतली. मंद नाम घेत उभा राहिलो. तारेवर बोट फिरत होते, पोटाशी भोपळा घुमत होता. ती वीणा मिरजेची होती. तिथल्या शिकलगारांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या हे काम चालते. मूळचे हे तलवारींना धार लावणारे मुसलमान कारागीर, पुढे तंबोरे-सतारींकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या वाद्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, आपल्या भीमेच्या खोऱ्यातून जातात. चंद्रभागेच्या पाण्यावर वाढलेला भोपळा मिरजेला जातो, मुसलमान कारागिराच्या मांडीवर त्याची वीणा होते आणि ती पुन्हा पांडुरंगासमोर उभी राहते. ही वीणा छातीशी धरून तिला घडवणाऱ्याच्या धर्माची मी टवाळी केली होती. अंगावर काटा आला. थंडीचा नव्हता तो.

आणि मग माझे आजोबा आठवले.

१९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडले, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. १ मे रोजी उपोषण सुरू झाले, १० मे रोजी सुटले, आणि देवाचे दार सगळ्यांना उघडले. माझा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. आजोबा माळकरी होते, त्यांची एकादशी कधी चुकली नाही, भुकेल्याला त्यांनी कधी दारातून परत लावले नाही. आणि त्या उपोषणाच्या ते विरोधात होते. देव बाटेल असे त्यांना मनापासून वाटत होते. पुढे एक वर्ष ते पंढरीला गेलेच नाहीत. मग राहवेना म्हणून गेले. परत आल्यावर आजीने विचारले, देव कसा आहे? आजोबा म्हणाले, "तसाच आहे." आमच्या घरात ही गोष्ट हसत हसत सांगत. मला त्या रात्री तिचे हसू आले नाही.

चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तिथे समाधी दिली. तेव्हापासून सहाशे वर्षे आपण आत उभे राहून चोखोबांचे अभंग गात होतो आणि चोखोबांची माणसे बाहेर उभी राहून ते ऐकत होती. आतल्या गाणाऱ्यांत माझे आजोबा होते, पणजोबा होते. ती चांगली माणसे होती. आपला आवाज पायरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला कसा ऐकू येत असेल, हा विचार मात्र त्यांना कधी शिवला नाही. आपल्या संप्रदायाने सगळ्यांना पोटाशी धरले असे आपण अभिमानाने सांगतो, आणि संतांनी धरले हे खरेच आहे. पण संतांचे पुण्य आपल्या खात्यावर मांडून घेणे बरे नाही. संत पुढे गेले होते, आपण त्यांच्या पायरीशी अडून बसलो होतो.

पहाटे वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली तेव्हा माझे ठरले होते.

काल्याचे कीर्तन तुम्हांला सांगायला नको. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात. कोणाची ताजी भाकरी, कोणाची शिळी, कोणाचे नुसते ताक. कृष्ण ते सगळे एकत्र कालवतो आणि सगळ्यांना वाटतो, स्वतःही खातो. मी म्हणालो की काल्यात एक गोष्ट पाहा. सगळ्यांनी एकसारखी भाकरी आणावी अशी अट देवाने घातली नाही. ज्याच्या घरी जे पिकले ते त्याने आणले. आणि देवाने कोणाची भाकरी हसून परत केली नाही. मग थांबलो, आणि म्हणालो, "चार वर्षांपूर्वी याच जागेवरून मी एका धर्माच्या माणसांची टिंगल केली होती. मी ती भाकरी हसून परत केली होती. ते पाप होतं. हा कर्णा जिथवर ऐकू जातो तिथवरच्या सगळ्यांची मी क्षमा मागतो."

मंडप एकदम शांत झाला. मृदंगवाल्याला काय करावे कळेना, त्याने पुडीवर नुसते हात ठेवले. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मागे दोन-चार जण उठून गेले. विणेकरी म्हातारे होते, ते हळूच "विठ्ठल, विठ्ठल" म्हणाले, आणि मग गजर सुरू झाला. टाळी मात्र कोणी दिली नाही.

भाई मंडपात नव्हते. पण त्यांचे घर कडुनिंबाच्या कर्ण्यासमोरच होते, आणि तो रविवार होता. शाळेला सुटी होती.

पुढच्या साली त्या गावाचे मला बोलावणे आले नाही. पंचक्रोशीतल्या आणखी दोन गावांनी दुसरे कीर्तनकार पाहिले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्या गावचा एक टाळकरी पंढरीत भेटला, तो सांगत होता की सप्ताहाला कडुनिंबावर भाईंचेच कर्णे होते. ते परत आले, मी गेलो. हिशेब बरोबर झाला असे मी समजतो.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. धर्म घरात ठेवावा की बाहेर दाखवावा? मला वाटते, धर्म बाहेर जाणारच. त्याचा आवाज भिंतीबाहेर पडतोच, मग तो टाळाचा असो, अजानचा असो, घंटेचा असो. प्रश्न एवढाच की जो माझ्या धर्माचा नाही त्याच्या कानावर माझा धर्म कसा पडतो. मंडपातला श्रोता आपला असतो, तो आपले सगळे गोड मानतो. खरी परीक्षा कर्ण्यापलीकडे बसलेला श्रोता घेतो. त्याने बोलावलेले नसताना आपण त्याच्या घरात शिरलेले असतो. पालखीला जी रीत ठाऊक आहे ती कर्ण्याने शिकली पाहिजे, पाहुण्याची रीत.

आणि दुसरे म्हणजे, माझा नियम माझ्यासाठी आहे. गळ्यातली तुळशीची माळ मला बांधण्यासाठी घातली आहे, शेजाऱ्याला मापण्यासाठी नाही. माउलींनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला खळपणा जावा एवढे मागितले. मी ते मागणे वर्षानुवर्षे दुसऱ्यांकडे बोट करून समजावत आलो. त्या माघातल्या रात्रीपासून ते माझ्याकडे वळले आहे.

भाई आता नाहीत. मुलगा साउंडचे काम करतो, मोठा व्याप आहे, यात्रा, लग्ने, सप्ताह, उरूस सगळीकडे त्याची गाडी असते. २०२२ साली १० जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. दोन-चार दिवस आधी त्याचा फोन आला. माझी तब्येत विचारली, पाऊसपाण्याचे बोलला आणि शेवटी जाता जाता म्हणाला, "बुवा, आम्ही गावात ठरवलंय, कुर्बानी एकादशी झाल्यावर करायची. तीन दिवस चालतात आम्हांला." कोणी सांगितले नव्हते, कोणी बजावले नव्हते. बजावले असते तर त्याला काही मोल राहिले नसते. पुढच्या वर्षी, २०२३ च्या २९ जूनला, पुन्हा तसाच योग आला आणि पुन्हा तेच झाले. कितीतरी गावांनी त्या दोन वर्षांत असे केले, हे तुम्ही ऐकलेच असेल.

मी त्या दिवशी आमच्या गावच्या भजनी मंडळाकडे गेलो. म्हटले, दुसऱ्याने आपल्या सणात आपल्यासाठी एवढी जागा केली, तर आपल्याकडून काय? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक तरुण टाळकरी म्हणाला, "संध्याकाळचा हरिपाठ कर्ण्याशिवाय म्हणू या. विठोबा जवळच उभा आहे, त्याला ऐकू येईल." तेव्हापासून आमचा रोजचा हरिपाठ कर्ण्याशिवाय होतो. फार मोठी गोष्ट नाही ही. पण माझ्या बसलेल्या गळ्यालाही आता त्यात जागा मिळते.

अधूनमधून नवे कीर्तनकार भेटायला येतात. आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षे शिकून आलेली पोरे असतात, पाठांतर चोख, आवाज गोड. पाया पडतात आणि विचारतात, महाराज, श्रोता सुटायला लागला तर काय करावे? मी सांगतो, बाळांनो, थांबा, नाम घ्या, आणि एकदा डावीकडे खांबाशी बघा. अ‍ॅम्प्लिफायरजवळ कोण बसलेला आहे, आणि त्याच्याशेजारी वायरींवर त्याचे पोर बसले आहे का, तेवढे बघा. मग पुढचे वाक्य बोला.

रामकृष्णहरी.